वाकडं पातं, सरळ पातं

शेपूची निवडलेली जुडी विळीवर चिरायला घेतली की दोन्ही हात भाजीकडे असतात. डावा हात जुडी आवळून धरतो, उजवा तिला पुढे सारतो, पाटावर दाबलेला पाय विळीला हलू देत नाही. पातं जागचं हलत नाही, चालते ती भाजी. तीच जुडी ओट्यावर, फळीवर ठेवून सुरीने चिरायला घेतली की सगळा कारभार उलटा होतो. भाजी जागच्या जागी, पातं मात्र सतत वरखाली, पुढेमागे. दोन्हीकडे शेपू बारीक होतो. पण हात जे करतो ते अगदी वेगळं असतं, आणि पात्याच्या आकाराचा सगळा वाद या वेगळेपणातून सुरू होतो.

आज मोठ्या शहरांतल्या भांड्यांच्या दुकानात सुऱ्यांची भिंत असते. टोकदार आणि पोटाला फुगीर शेफ नाईफ, टोक खाली झुकलेली सांतोकू, चौकोनी नाकिरी, बोटभर लांबीची सोलायची सुरी, दातेरी पावसुरी. कोपऱ्यात घडीची विळी असतेच. यातलं काय घ्यावं, आणि का, या प्रश्नाला कारागीर, आचारी, पदार्थवैज्ञानिक आणि अलीकडे डॉक्टरसुद्धा आपापली उत्तरं देत आले आहेत. ती उत्तरं कुठवर आली आहेत, ते इथे पाहायचं आहे.

आकार म्हणजे नेमकं काय

सुरी बाजूने पाहिली की दिसते ती बाह्यरेषा. धार मुठीकडून टोकाकडे सरळ जाते की वर उचलत जाते, हा पहिला फरक. मुठीजवळच्या भागाला टाच म्हणू, मधल्या फुगवट्याला पोट. टोक धारेच्या रेषेत खाली आहे, मधोमध आहे की पाठीच्या बाजूला वर गेलं आहे, हा दुसरा फरक. पात्याची उंची हा तिसरा. उंची पुरेशी असली तर मूठ धरलेली बोटं फळीवर आपटत नाहीत.

पण सुरी समोरून, टोकाकडून पाहिली तर आणखी एक आकार दिसतो, तो छेदाचा. पाठ किती जाड, धारेकडे ती किती लवकर पातळ होते, धार दोन्ही बाजूंनी घासली आहे की एकाच. गिऱ्हाईक बहुधा बाह्यरेषा पाहून सुरी निवडतं आणि घरी आल्यावर अनुभव घेतं तो छेदाचा. पुढच्या बऱ्याचशा मतभेदांचं मूळ इथे आहे.

आकार कुठून आले

युरोपातल्या स्वयंपाकघराच्या सुरीची दोन माहेरघरं ठळक आहेत, फ्रान्समधलं तिएर आणि जर्मनीतलं झोलिंगेन. झोलिंगेनचं नाव पात्यावर कोणी छापावं याला 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे. फ्रेंच घडणीच्या सुरीची धार बरीचशी सरळ, पातं लांबट त्रिकोणी. जर्मन सुरीला पोट अधिक, पातं जाड, वजन जास्त. शेफ नाईफ मुळात मोठ्या मांसाचे तुकडे करायला घडलेलं हत्यार. भाजी तिच्या वाट्याला नंतर आली.

जपानची कथा वेगळ्या वळणाची आहे. तिथे बौद्ध प्रभावामुळे चतुष्पाद जनावरांचं मांस खाण्यावर शतकानुशतकं बंधनं होती. सुऱ्या घडल्या त्या मासळी आणि भाजीसाठी. मासा फोडायला देबा, कच्च्या माशाचे पातळ काप काढायला विलोच्या पानासारखी लांब यानागिबा, भाजीला उसुबा आणि नाकिरी. नाकिरी या नावाचा अर्थच पालेभाजी कापणारी असा आहे. 1872 साली मेजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि पाश्चात्त्य पदार्थांबरोबर पाश्चात्त्य सुरीही आली. तिच्या जपानी अवताराला ग्युतो म्हणतात, शब्दशः गाईची तलवार. 1876 च्या आदेशाने सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी झाली आणि तलवारी घडवणाऱ्या गावांतले कितीतरी लोहार सुऱ्यांकडे वळले. गिफू प्रांतातलं सेकी हे त्यातलं प्रसिद्ध नाव.

विसाव्या शतकात जपानी घरांत मांस, मासळी आणि भाजी एकाच फळीवर येऊ लागली. मग नाकिरीची सरळ धार आणि ग्युतोचं टोक यांची सांगड घालून सांतोकू तयार झाली. नावाचा अर्थ तीन गुण. ते तीन गुण म्हणजे मांस, मासळी, भाजी की काप, फोडी आणि बारीक चिरणं, यावर जपानमध्येही दोन मतं आहेत. साधारण साडेसोळा ते अठरा सेंटिमीटरची ही सुरी आज भारतीय दुकानांतही सहज मिळते.

चीनने वेगळाच मार्ग धरला. तिथलं आयताकृती रुंद पातं पाहून भारतीय माणसाला खाटकाचा सत्तूर आठवतो, पण रोजचं चिनी पातं पातळ असतं आणि हाड तोडायला ते वापरत नाहीत. चिरणं, लसूण ठेचणं आणि चिरलेलं पात्याच्या रुंदीवर उचलून कढईत टाकणं, तिन्ही कामं ते एकटं करतं.

आपल्याकडे विळी. शब्द विळ्याचंच धाकटं रूप, आणि पात्याचा बाकही त्याच घराण्यातला. कुठे तिला मोरळी म्हणतात, गोव्यात आदोळी. बंगालमध्ये बोंटी, तमिळनाडूत अरिवाळमणै, कर्नाटकात ईळिगे मणे. टोकाशी नारळ खवायची दातेरी चकती बसवली की एका पाटावर दोन अवजारं होतात. बोंटीवर चित्रिता बॅनर्जी यांनी 2001 साली ‘गॅस्ट्रोनॉमिका’ या नियतकालिकात सविस्तर लिहिलं. बसण्याची पद्धत, घरातल्या बाईचं स्थान आणि पात्याचा आकार हे तिन्ही एकत्र पाहणारं ते लेखन होतं. मराठी विळीवर तसं कोणी सविस्तर लिहायला हवं, इतकी ती आपल्या रोजच्या जगण्यात मुरलेली आहे.

स्थिर पात्याची कल्पना फक्त विळीपुरती नाही. मटणाच्या दुकानात सुरा पायाच्या बोटांत उभा धरून दोन्ही हातांनी मांस त्यावर ओढणारा खाटीक अजून दिसतो. मुंबईच्या मासळीबाजारात कोळणी लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या भल्यामोठ्या पात्यावर सुरमईच्या तुकड्या पाडतात. निसरडा मासा एका हाताने फळीवर दाबून ठेवण्यापेक्षा दोन्ही हातांत धरून पात्यावर नेणं सोपं, हे त्यांच्या हातांना माहीत असतं.

एकच सुरी की कामागणिक सुरी

पहिला मोठा मतभेद संख्येचा आहे, पण तो आकारापाशीच येऊन थांबतो. एका पक्षाचं म्हणणं असं की वीस सेंटिमीटरची एक चांगली शेफ नाईफ घरच्या बहुतेक कामांना पुरते. अँथनी बोर्डेन यांनी 2000 साली आलेल्या ‘किचन कॉन्फिडेन्शियल’मध्ये सुऱ्यांच्या संचांवर पैसे घालवण्यापेक्षा एकच चांगली शेफ नाईफ घ्या, असा सल्ला दिला आणि तो जगभर पसरला. या पक्षाचा युक्तिवाद भक्कम आहे. टाचेने जड काम, पोटाने झुलवत बारीक चिरणं, टोकाने नाजूक काम. एका पात्यात तीन पाती.

दुसरा पक्ष जपानी व्यावसायिक परंपरेचा. त्यांच्या मते सगळ्या कामांना चालणारं पातं कोणत्याच कामाला पूर्ण जुळत नाही. उसुबाने मुळ्याचा गड्डा हातात फिरवत त्याची सलग, कागदासारखी पट्टी काढतात. पोट असलेल्या पात्याने ते जमत नाही, कारण धार सगळीकडे सारखी टेकत नाही. उसुबाची धार एकाच बाजूने घासलेली असते, सुताराच्या पटाशीसारखी. त्यामुळे काप पात्यापासून अलग पडतो आणि कापलेली कड गुळगुळीत राहते. मात्र असं पातं कापताना एका बाजूला ओढलं जातं, ते सांभाळायला हात तयार व्हावा लागतो. डावखुऱ्या माणसाला उलट्या बाजूने घासलेलं वेगळं पातं मागवावं लागतं आणि ते महाग पडतं.

घरच्या स्वयंपाकापुरतं बोलायचं तर पहिल्या पक्षाचं पारडं जड दिसतं. दुसऱ्या पक्षाचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. पुरणपोळीला, वरणफळांना वेगळी सुरी लागत नाही, पण केळफूल, फणस आणि सुरण चिरणाऱ्या घरात एकाच सुरीवर भागत नाही, हे कोकणातल्या कोणालाही विचारावं.

पोट की सपाटी

याहून बारीक वाद धारेच्या रेषेचा. फुगीर पोटाची सुरी झुलवता येते. टोक फळीवर टेकवून ठेवायचं आणि मूठ वरखाली करत पुढे सरकायचं. कोथिंबीर, लसूण, शेंगदाणे बारीक करायला ही चाल फार सोयीची. इटलीतली दोन मुठींची अर्धचंद्राकृती सुरी आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट बायकांचं उलू ही याच चालीची टोकं. उलूची मूठ धारेच्या बरोबर वर असते, त्यामुळे हाताचा सगळा दाब थेट खाली उतरतो.

सपाट धारेचे समर्थक एक साधी गोष्ट दाखवतात. कांद्याच्या पातीची जुडी फळीवर ठेवा आणि फुगीर सुरीने सरळ खाली दाबून कापा. तुकडे पडल्यासारखे दिसतात, पण उचलले की एकमेकांना चिकटून माळेसारखे लटकत वर येतात. फळीला पात्याचा एकच भाग टेकला, बाकीचा तसूभर वर राहिला, म्हणून खालची साल तुटलीच नाही. नाकिरी किंवा सांतोकूची धार बहुतेक लांबीभर एकाच वेळी टेकते आणि काम एका फटक्यात होतं. सपाट धारेची मागणी मोबदल्यात एकच, फळी सपाट हवी. मधे खळगा पडलेल्या जुन्या फळीवर तिचा सगळा गुण वाया जातो.

म्हणजे पोट हवं की सपाटी, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हाताच्या सवयीत आहे. झुलवून चिरणाऱ्याने सांतोकू घेतली तर मनगट अवघडतं. उचलून खाली मारणाऱ्याने जर्मन सुरी घेतली तर माळा लटकतात. दुकानात पातं हातात घेऊन पाहताना कोणी सहसा आपल्या मनगटाची ही चाल आठवत नाही.

भौतिकशास्त्राची साक्ष

टोमॅटोवर सुरी नुसती दाबली की साल चेपते, ओढली की सहज उतरते. हा रोजचा अनुभव 2004 मध्ये रेडिंग विद्यापीठाचे टोनी अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी चीज आणि सलामीवर मोजून पाहिला. पातं खाली जाण्याच्या तुलनेत बाजूने जितकं जास्त सरकतं, तितका खालचा दाब झपाट्याने कमी लागतो, असं त्यांनी दाखवलं. 2012 मध्ये हार्वर्डमधल्या एल. महादेवन यांच्या गटाने मऊ जेलवर ताणलेल्या तारेने प्रयोग केले आणि मऊ पदार्थात बाजूची ओढ चीर सुरू करायला कशी मदत करते, ते उलगडून सांगितलं.

यातून वक्र पात्याला शास्त्राचा आधार मिळतो. धार कलती किंवा वळलेली असली की सरळ दाबातही थोडी ओढ आपोआप मिसळते. विळा, कोयता, विळी या सगळ्यांच्या बाकात हे शहाणपण आधीपासून आहे. विळीवर भाजी पुढे सारताना ती पात्याच्या चढाला घासत जाते, वेगळी ओढ द्यावी लागत नाही. सरळ धारेच्या सुरीला तीच ओढ हाताने द्यावी लागते.

पण याच शास्त्राकडून आकारवाद्यांना एक धक्काही बसतो. धार बोथट असेल तर आकाराचा फायदा फार काळ टिकत नाही. 2025 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी कांदा कापताना उडणाऱ्या थेंबांचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. बोथट पातं कांद्याचा पापुद्रा आधी दाबत जातं, आत दाब साठतो आणि पापुद्रा फुटला की थेंब जोरात वर उडतात. धारदार पात्याने, सावकाश कापलं तर थेंब कमी. डोळ्यांतलं पाणी अडवायचं तर नवा आकार शोधण्याआधी निसण्यावर पातं पाजवणं जास्त उपयोगाचं.

छेदाला महत्त्व देणारा पक्ष इथेच आपलं म्हणणं मांडतो. त्यांच्या मते गाजर फाटतं की चिरलं जातं, हे धारेमागच्या जाडीवर ठरतं, पात्याच्या चेहऱ्यावर नाही. पाश्चात्त्य सुऱ्यांची धार सर्वसाधारणपणे प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास, जपानी सुऱ्यांची पंधरा किंवा त्याहून कमी. पातळ कोन टिकवायला पोलाद अधिक कडक लागतं, आणि कडक पोलाद हाडावर किंवा गोठलेल्या मांसावर आपटलं तर कडेने तुटतं. म्हणून जपानी सुरी नारळ फोडायला घेऊ नये, हे सांगण्यात आकाराचा भाग थोडा आणि पोलादाचा जास्त.

टोकाचा प्रश्न

पात्याच्या टोकावरचा वाद स्वयंपाकघराबाहेरून आला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1669 साली टोकदार सुऱ्यांवर बंदी आणली होती आणि जेवणाच्या टेबलावरच्या सुरीचं टोक गोल होण्यात त्याचा वाटा मानला जातो. 2005 साली लंडनमधल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागातल्या तीन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा मुद्दा पुन्हा मांडला. भोसकण्याच्या हल्ल्यांत घरातलीच सुरी पुष्कळदा हाती येते. लांब आणि टोकदार सुरीने होणारी जखम खोल असते. मग घरच्या सुरीला टोक हवंच कशाला? त्यांनी आचाऱ्यांनाही विचारलं होतं. टोकाचा उपयोग होतो, पण लांब टोकदार पातं अत्यावश्यक नाही, असा त्यातून निघालेला सूर. त्यानंतर ब्रिटनमध्ये गोल किंवा चौकोनी टोकाच्या सुऱ्या बाजारात आल्या, आणि अशी टोकं कापड व कातडी किती भेदतात याच्या न्यायवैद्यक चाचण्याही झाल्या. चाचण्यांचा कौल गोल टोकाच्या बाजूने आहे.

विरोधकांचा आक्षेपही नीट ऐकण्यासारखा आहे. घराघरात आधीच असलेल्या सुऱ्यांचं काय करणार? रागाने पेटलेल्या माणसाला स्क्रू ड्रायव्हरही पुरतो, असं ते म्हणतात. समर्थकांचं उत्तर असं की घरातले बरेच हल्ले क्षणिक रागात, हाताला लागेल त्या वस्तूने होतात, आणि त्या क्षणी हाताला टोक लागलं नाही तर एक जीव वाचू शकतो.

भारतातल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, मात्र घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. म्हणजे आपला कायदा लांबीरुंदी आणि हेतू पाहतो, टोकाचा आकार पाहत नाही. नाकिरी, चिनी पातं यांना मुळातच टोक नाही, आणि त्यांच्यावर दोन मोठ्या देशांची जेवणं उभी आहेत, ही वस्तुस्थिती या वादात फारशी पुढे येत नाही. ती यायला हवी.

अजून सुटलेलं नाही ते

सुरी किती धारदार आणि धार किती टिकाऊ, हे मोजायला आंतरराष्ट्रीय मानक आहे. आयएसओ 8442 च्या पाचव्या भागात वाळूचे कण मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर पातं यंत्राने पुढेमागे चालवतात आणि प्रत्येक फेरीत ते किती खोल गेलं ते नोंदवतात. पण तिथे तपासली जाते ती धार. पोट, टाच, टोक यांचा यंत्राला पत्ता लागत नाही. कागदाचा गठ्ठा झुलवून चिरता येत नाही, विळीवर सारता येत नाही. आकाराबद्दलचा निवाडा अजूनही हातांच्या साक्षीवर चालतो, आणि प्रत्येकाची साक्ष त्याच्या सवयीला धरून असते.

महाराष्ट्रातल्या घरांपुरता एक प्रश्न मात्र आकाराहून मोठा आहे. विळी मागे पडली ती पात्याच्या दोषामुळे नव्हे. स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर आला आणि विळी खाली राहिली. विळीविरुद्धच्या तक्रारी खऱ्या आहेत. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं गुडघ्यांना झेपत नाही, उघडी धार रांगत्या मुलाच्या उंचीला येते. म्हणून तर काम झालं की विळी आडवी करून ठेवायची, हा घरोघरचा दंडक. घडीच्या विळीने दुसरी तक्रार बरीच दूर केली. लोखंडी पात्यावर वांगं, केळफूल, कच्चं केळं काळं पडतं ही तिसरी तक्रार स्टेनलेस स्टीलने कमी केली, तरी लोखंडी पात्यासारखी धार त्याला लावता येत नाही, अशी कुरकुर जुने हात करतातच.

उरते पहिली तक्रार. ओट्यावर ठेवून उभ्याने वापरायच्या विळ्या त्यासाठी आल्या आहेत. पण ओटा जमिनीपासून साधारण ऐंशी ते पंच्याऐंशी सेंटिमीटर, त्यावर विळीचा पाट, त्यावर वीतभर पातं. चिरणारे हात कोपराच्या वर, थेट छातीपाशी जातात. हलक्या कामाची जागा कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावी, जोराच्या कामाची त्याहून खाली, असं कार्यसुलभतेचं शास्त्र सांगतं. पाटावर बसलेली बाई भोपळा फोडताना अंगाचा भार वापरत होती, ओट्याशी उभी असलेली खांद्यांचा जोर लावते आणि दमते. तिच्यासाठी ओट्याचा दीड हात लांबीचा भाग वीतभर खाली घेतला, तर दोन्ही हातांनी भाजी धरण्याची विळीची सोय आणि गुडघ्यांचा आराम एकत्र येऊ शकतो. तो भाग नेमका किती खाली असावा, हे चिरणाऱ्याच्या उंचीवर आणि ताटात मेथी आहे की फणस, यावर ठरेल.